मागच्या दाराने आलेला वास

१

उइला प्रांताच्या डोंगरातल्या त्या गावात एदिल्मा कुएयारच्या नाकाला सगळे वचकून असत. कुणी कॉफीच्या बिया पिंपात नको तितक्या आंबू दिल्या, कुणी वाळवणावर पाऊस पडू दिला, कुणी पोती डिझेलच्या डब्याला टेकवून ठेवली, तर एक वेळ पाद्र्याला फसवता आलं असतं, बायकोलाही फसवता आलं असतं. पण बागायतदार संघाच्या चाखणीघरात बसलेल्या या बाईला नाही. ती एक भुरका मारी, घोट पिकदाणीत टाकी आणि विचारी, "काय हो आर्सेसिओबाबा, पोती कुठं ठेवली होती?" मग आर्सेसिओबाबा टोपी हातात घेऊन छताकडे बघत बसत.

चाखणीघर म्हणजे गोदामाच्या माथ्यावरची एक पांढरी खोली. खिडक्या कायम बंद. पडदे नाहीत, गाद्या नाहीत, कारण कापड वास धरून ठेवतं. आत येणाऱ्याने अत्तर लावायचं नाही, वासाचा साबण वापरायचा नाही, आदल्या दिवशी लसूण खायचा नाही. आणि सगळ्यांचे भुरके संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकजण 'आंबूस' म्हणाला की दुसऱ्याला आंबूस लागतंच. माणसाची जीभ फार भिडस्त असते. प्रत्येक लॉटचे पाच कप एका ओळीत मांडायचे, उकळतं पाणी ओतायचं, वर जमलेला थर चमच्याने मोडायचा, नाक अगदी कपात घालायचं आणि मग भुरका. पाचच कप का, तर पोत्यात एखादीच बी कुजकी असली तर ती एकाच कपात सापडते. बाकीचे चार साळसूद लागतात.

इतके कप झाल्यावर नाक थकतं. त्यावर चाखणाऱ्यांचा एक जुना उपाय आहे. आपलाच हात दुमडायचा, कोपराच्या आतल्या घडीत नाक खुपसायचं आणि दोन श्वास घ्यायचे. आपला स्वतःचा वास आपल्याला कधी येत नाही. जे सदानकदा सोबत असतं त्याची वर्दी नाक देत नाही, ते फक्त नवं काय आलं तेवढंच सांगतं. म्हणून त्या घडीत नाकाला शून्य सापडतं आणि तिथून पुन्हा मोजायला सुरुवात करता येते. एदिल्मा हे इतकी वर्षं करत आली होती की पुढेपुढे तिला ते केल्याचं कळतही नसे.

त्या मंगळवारी आर्सेसिओबाबांचा लॉट टेबलावर होता. पहिला कप छान. दुसरा छान. तिसऱ्याचा भुरका घेतला आणि तिला माणसाचा वास आला.

घामट नव्हता, घाणही नव्हता. झोपून उठलेल्या माणसाच्या मानेमागे, केसांच्या खाली जी ऊब असते, तिचा वास. उशीच्या अभ्र्यात उरतो तसा. तिने घोट थुंकला, कोपरात नाक घातलं, शून्य झाली, पुन्हा भुरका घेतला. वास होता. समोर दुसरा चाखणारा येसिद तिसऱ्या कपावरून चौथ्याकडे गेला, चौथ्यावरून पाचव्याकडे, चेहऱ्यावरची माशी हलू न देता.

"स्वच्छ," भुरके संपल्यावर येसिद म्हणाला. "म्हातारबा सुधारले म्हणायचं."

"तिसरा कप?"

"तिसऱ्याला काय धाड भरलीय?"

येसिद तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे तिचा कोम्पाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. वयाने लहान, पण नाकाने तिच्या तोडीचा. तरीही त्या दिवशी तिने त्याचं ऐकलं नाही. माणसाचा वास आला असं म्हणण्याची तिला लाज वाटली, म्हणून 'कोंदट' म्हणाली आणि माल परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच वास एका विधवेच्या मालात आला. गुरुवारी सगळ्यांच्या मालात आला.

२

नवीन बागायतदार आले की एदिल्मा त्यांना एक गंमत दाखवायची. पेरूच्या वडीचा तुकडा हातावर ठेवायची आणि म्हणायची, नाक घट्ट दाबा, आता चावा. काय लागतं? गोड. नुसतं गोड? हो, नुसतं गोड. आता नाक सोडा. आणि नाक सोडताच सगळ्यांच्या तोंडावर पेरू उमटायचा. बापे लहान मुलांसारखे हसायचे.

"जिभेला काय कळतं?" ती सांगायची. "गोड, खारट, आंबट, कडू, आणि मटणाच्या रश्शाचा खमंगपणा. बस. बाकीचं सगळं नाकाचं. आणि नाकाला दोन दारं असतात. एक पुढचं, आपण हुंगतो ते. दुसरं घशाच्या मागून वर जातं. घास चावला, घोट गिळला, श्वास बाहेर सोडला, की वास त्या मागच्या दाराने नाकात शिरतो, आणि आपण म्हणतो काय चव आहे!"

शुक्रवारी दुपारी येसिद जेवायला गेल्यावर ती एकटीच चाखणीघरात थांबली. कप समोर घेतला आणि नुसता हुंगला. कॉफी. भाजलेल्या दाण्याचा, गुळाचा, थोडा संत्र्याच्या सालीचा वास. बाकी काही नाही. पुन्हा पुन्हा हुंगला, काही नाही. मग नाक दाबून घोट घेतला. आंबट, कडू. घोट गिळला, नाक सोडलं आणि श्वास बाहेर सोडला.

आला.

तिने कप ओतून टाकला, धुतला आणि त्यात नुसतं गरम पाणी घेतलं. गिळलं. श्वास सोडला. पाण्यातही तो होता. मग पाणीही नको म्हणून तिने फक्त आवंढा गिळला, आणि मानेमागची ती ऊब घशातून वर आली, आरामात, कसलीही घाई नसल्यासारखी.

म्हणजे आर्सेसिओबाबांच्या मालात काही नव्हतं, विधवेच्याही नव्हतं. एदिल्मा शहाणी बाई होती, तिने कारणं शोधली. दात किडला असेल. पोटात आम्ल झालं असेल. चाळिशी आली, शरीर बदलतं, बायकांना काय काय होतं. कारणं एकापेक्षा एक चांगली होती. पण तिच्याकडे वास ओळखायची विद्या होती, आणि किडक्या दाताचा वास तिला ठाऊक होता. हा दात नव्हता. हे कुणीतरी होतं.

खोली शांत होती. खाली गोदामात पोती ओढल्याचा आवाज येत होता. तिने कोपर नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिथं बरं वाटत होतं. तिथं काहीच नव्हतं.

३

एदिल्माचा नवरा स्पेनमध्ये बांधकामावर गेला आणि तिथंच बांधला गेला. घरात तिची आई रोसाउरा आणि पाच वर्षांची दालिया. दालियाची एक खोड होती. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती आईच्या गळ्याशी सरकायची, तिथं नाक घासायची, एक लांब श्वास घ्यायची आणि मगच जागी व्हायची. एदिल्माचा दिवस त्या श्वासाने सुरू व्हायचा. तिला कुणी विचारलं असतं की जगात तुझं म्हणावं असं काय आहे, तर तिने घर सांगितलं नसतं, नोकरी सांगितली नसती, हे सांगितलं असतं.

त्या शनिवारी दालिया सरकली, नाक घासलं आणि थांबली. डोळे टक्क उघडले.

"आई, कोण आलंय?"

"कुठं? कुणी नाही आलं."

"आलंय." दालियाने पलंगाखाली वाकून पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग आईकडे बघितलं, आणि तिचं नाक आक्रसलं. "इथंय."

"काय इथंय, राणी?"

पोरीने पांघरूण दूर सारलं. पलंगावरून उतरली, अनवाणी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि खुंटीवरची रुआना ओढून काढली. डोक्यातून घालायची ती जाड लोकरी रुआना एदिल्माची, जुनी. दालिया अंगावर पीत होती तेव्हा थंडीत मायलेकी दोघी तिच्यात मावत. लोकर वास फार धरते म्हणून चाखणीघरात ती कधी गेली नव्हती, आणि अलीकडे तर महिनोन् महिने खुंटीलाच होती. दालियाने तिच्यात तोंड खुपसलं आणि तो लांब श्वास घेतला.

"ही आई आहे," ती आजीला म्हणाली.

रोसाउरा चुलीवर अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजत होती. "आणि ती पलंगावर बसलीय ती कोण? बिशप?"

"माहीत नाही."

रोसाउरा पोट धरून हसली. एदिल्माही हसली, हसावं लागलं म्हणून. मग आईजवळ जाऊन तिने हळूच विचारलं, "आई, माझ्या अंगाला कसला वास येतोय का?"

"मला विचारतेस?" रोसाउराने फुंकणीने चूल फुंकली. "साठ वर्षं धूर आणि चाळीस वर्षं चिरूट. माझं नाक नुसतं चष्मा टेकायला उरलंय, पोरी. आंघोळ कर. पोरं काहीतरी बरळतात."

एदिल्माने आंघोळ केली. राखेच्या साबणाने कातडी लाल होईतो घासली, दोनदा. दालिया त्या रात्री रुआना घेऊन आजीकडे झोपायला गेली, आणि जाताना वळून म्हणाली, "गेलं की सांग."

४

"नवरा स्पेनला, तुम्ही इथं, आणि तुम्हाला कपात माणूस लागतोय," येसिद म्हणाला. "कोमाद्रे, डॉक्टर कशाला, रोग काय ते मीच सांगतो."

"मस्करी नको. आर्सेसिओबाबांचा माल मी फुकट परत पाठवला. त्यात काही नव्हतं."

त्याचं हसू उतरलं. "ते मी तेव्हाच म्हणालो होतो."

"कोम्पाद्रे, एक काम करा. मला चाखा."

"अहो!"

"कप समजा. मी कप आहे. तुमचं नाक माझ्याइतकं चांगलं आहे आणि गावात दुसरं कुणाचं नाही. हे बघा, तुम्ही काय सांगाल ते मी ऐकेन. दात म्हणालात तर दात उपटून टाकते. पोट म्हणालात तर शहरात जाते. पण माझी लेक माझ्याजवळ येत नाहीये."

येसिदने हात धुतले, टेबलाजवळचं स्टूल ओढलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला, कप घेतात तसा, ओशाळून. कोपराच्या घडीवर वाकला. डोळे मिटले. एक श्वास घेतला. डोळे न उघडता दुसरा घेतला. मग दुसरा हात. मग ती मागे वळून केस वर धरून बसली आणि त्याने मानेमागे हुंगलं.

त्याने स्टूल मागे सरकवलं. चाखताना बोलायचं नाही ही सवय; पण आता तर चाखून झालं होतं.

"सांगा ना."

"मिसळलेला आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"एका लॉटचा नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला. "इतकी वर्षं समोर बसतोय मी तुमच्या. तुमचा वास मला डोळे मिटून कळतो, कोमाद्रे, वाईट नका मानू, धंदाच तो आपला. तर एक तुमचा आहे."

"आणि दुसरा?"

"दुसरा माझ्या ओळखीचा नाही."

"कुणाचा, बाईचा का पुरुषाचा? म्हातारा, तरुण?"

"ते नका विचारू." त्याने रुमालाने नाक पुसलं, आत काही अडकल्यासारखं जोरजोरात पुसलं. "मी फक्त मिसळण किती ते सांगू शकतो. दुसरा जास्त आहे."

मग तो उठला आणि खिडकीकडे गेला. तिची कडी रंगाने बसली होती, ती त्याने चमच्याच्या दांड्याने उचकटली आणि खिडकी सताड उघडली. चाखणीघराची खिडकी उघडलेली एदिल्माने आजवर पाहिली नव्हती. रस्त्यावरचा धूर, तळलेल्या मांसाचा वास, मोटारसायकली, सगळं आत आलं. येसिद बाहेर तोंड काढून उभा राहिला आणि तिने आपलं जाकीट घेऊन जिना उतरेपर्यंत वळला नाही.

५

शहरातला डॉक्टर तरुण होता. त्याने दिवा घालून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या. तापानंतर असं होतं, म्हणाला. नाकातले बारीक धागे तुटतात आणि नव्याने फुटताना भलत्याच जागी जाऊन जोडले जातात. मग गुलाबाला डिझेलचा वास येतो आणि पाण्याला आणखी कसला.

"मला ताप आला नव्हता," एदिल्मा म्हणाली.

"कळला नसेल."

हे कारण सगळ्यांत चांगलं होतं आणि परतीच्या बसमध्ये तिने ते घट्ट धरून ठेवलं. धागे. चुकीच्या जागी जोडलेले धागे. फक्त येसिदच्या नाकातले आणि दालियाच्या नाकातले धागे त्याच आठवड्यात कसे तुटले, एवढंच त्यात बसत नव्हतं. तिने ते बसवून घेतलं. बस घाट चढत होती आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर मागचं दार उघडत होतं.

घरी ती जेवेनाशी झाली. घास गिळला की तो यायचा, म्हणून घास नको. पण थुंकी गिळणं कुणाला थांबवता आलंय? तिने तोंडात लवंग धरली, मिरची चावली, कापूर हुंगला. मिरची जिभेला नुसती भाजायची आणि तिच्या खालून तो शांतपणे वर यायचा. घर असतं तर कुलूप घालून ती निघून गेली असती. दुसरीकडे खोली घेतली असती, रस्त्यावर झोपली असती. पण ज्यातून निघायचं ते तिच्याबरोबरच चालायचं, तिच्याबरोबरच बसायचं. एकदा तिने न्हाणीघरात दार लावून आरशात घसा पाहिला, आ वासून, बोटाने जीभ दाबून. लाल घसा दिसला, पडजीभ दिसली. मागे अंधार होता, सगळ्यांच्या घशात असतो तसा. ती बघत असताना पडजीभ हलली, तिने श्वास रोखून धरला होता तरी हलली. तिने झटकन तोंड मिटलं.

एकच जागा उरली होती जिथं सुटका होती, ती म्हणजे तिचं कोपर. घडीत नाक घातलं की शून्य. ती दिवसातून शंभरदा तिथं जायची. चाखणीघरात, चुलीपाशी, माणसांत बोलता बोलता. रोसाउरा म्हणायची, "पक्ष्यासारखी पंखात काय चोच घालतेस?" चाखणाऱ्याला जन्मभर शिकवलेलं असतं की नाक बिघडलं तर आपल्या कातडीकडे जा. ती जात राहिली.

आणि एका सकाळी वास गेला.

ती पाणी प्यायली. पाणी, नुसतं पाणी. चुलीवरचा अरेपा घेतला, चीज घेतलं, पेरूची वडी घेतली. मका मक्यासारखा लागला, पेरू पेरूसारखा. ती उभ्या उभ्याच खात होती आणि रडत होती. रोसाउरा म्हणाली, "देवा रे, हळू खा, घशात अडकेल." एदिल्मा तशीच हात न पुसता अंगणात धावली. दालिया पायरीवर रुआना पांघरून बसली होती.

"गेलं, राणी! गेलं! ये."

दालिया उठली. दोन पावलं आली. मग थांबली आणि रुआनाची कड नाकावर ओढली.

"अजून आहे."

"नाही गं. मी सकाळपासून बघतेय. माझं नाक कसं आहे माहीत आहे ना तुला? नाही येत आता."

"येतोय, आई. तू हुंग ना."

पोरीची समजूत काढायची म्हणून, निव्वळ तेवढ्यासाठी, एदिल्माने हात दुमडला आणि कोपराच्या घडीत नाक घातलं.

तिथं कुणीतरी बाई होती.

राखेच्या साबणाचा वास, त्याखाली कॉफीचा धूर, त्याखाली थोडा आंबटसर घाम आणि काहीतरी दुधट, जुनं. वाईट नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचा येतो तसा परका वास होता, आणि अगदी विरळ, जाता जाता राहिलेला. एदिल्माने हात झटकला. मग तिने हळूच वाकून दालियाच्या अंगावरच्या रुआनाचं टोक उचललं आणि हुंगलं. तीच बाई. इथं दाट होती, भरपूर होती, जिवंत होती.

पायऱ्यांवर बसकण मारायच्या आधी तिला सगळं कळलं होतं, आणि ते कळायला तिला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती, कारण हेच ती इतकी वर्षं नवख्यांना शिकवत आली होती. नाक आपलं काय ते सांगत नाही. परकं काय, ते सांगतं.

६

यानंतरचे दिवस एदिल्माने चांगल्या बाईसारखे काढले. चाखणीघरात गेली, आर्सेसिओबाबांची माफी मागून त्यांचा माल पास केला. कप तिला पूर्वीपेक्षा स्वच्छ कळत होते. येसिद आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा आणि उघड्या खिडकीकडे तोंड करून भुरके मारायचा. त्याच्या नजरेला नजर मिळाली की तिला ओरडून सांगावंसं वाटे, कोम्पाद्रे, मी इथं आहे, अजून आहे. पण चाखताना बोलायचं नसतं.

घरात एकच गोष्ट तिला सहन होत नव्हती. ती रुआना. दार उघडलं की पहिल्यांदा ती नाकावर यायची. कुणी उपटसुंभ बाई घरात शिरून चुलीपाशी बसावी तसा तिचा वास स्वयंपाकघरात बसलेला असायचा. आणि लेक दिवसभर त्या बाईला बिलगून. जेवताना, खेळताना, झोपताना. कुठल्या आईला हे चालेल? तिला राग येई, खरोखरचा, पोटातून. मग तिला आठवे की ती बाई म्हणजे आपण. जगात एदिल्मा कुएयार आता तेवढीच उरली होती, त्या लोकरीत, आणि ती कोण आहे हे फक्त एका पाच वर्षांच्या पोरीला माहीत होतं. ती रुआना जपायला हवी होती. पेटीत घालून, कापडात गुंडाळून, कुणाचा हात लागणार नाही अशी ठेवायला हवी होती. हे ती स्वतःला रोज सांगायची.

रविवारी रोसाउरा दालियाला घेऊन प्रार्थनेला गेली. ऊन होतं म्हणून रुआना पलंगावरच राहिली.

एदिल्माने ती उचलली. पेटीत ठेवायला उचलली होती. पण पेटी खोलीत होती आणि पाय अंगणातल्या धुण्याच्या हौदाकडे निघाले. नको, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, शेजारच्या कोंबड्यांनी माना वर केल्या. रुआना पाण्यात गेली. राखेच्या साबणाची वडी हातात आली. लोकर धुतात तशी हलक्या हाताने नाही, पोत्यासारखी, बुकलून, दगडावर आपटून. पाणी करडं झालं, ते ओतलं, दुसरं घेतलं. प्रत्येक पाण्यागणिक ती बाई पातळ होत होती आणि एदिल्माच्या नाकाला बरं वाटत होतं, घर मोकळं झाल्यासारखं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते थांबत नव्हतं. नको गं, ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज बाहेर आला नाही.

"काय केलंस हे, पोरी?" दारातूनच रोसाउरा ओरडली. "लोकर अशी धुतात? आटून बाहुलीची झाली ती!"

दालिया रुआना टांगलेल्या दोरीकडे धावली. ओल्या लोकरीत तिने तोंड घातलं, बाजू बदलली, आतून हुंगली, गळ्यापाशी हुंगली, परत परत. मग तिने मागे वळून आईकडे पाहिलं. रडली नाही. मोठ्या माणसासारखी नुसती बघत राहिली, आणि ते बघणं एदिल्मा मरेपर्यंत विसरली नसती.

पहिल्या रात्री दालिया आजीजवळ झोपली. दुसऱ्याही. मग आजीच्या खोकल्याने झोप लागेना म्हणून पलंगाच्या दुसऱ्या कडेला येऊन झोपू लागली, पाठ करून. मग पाठ टेकवून. शेवटी पोरच ते, आणि पोराचं नाकही नाकच असतं. ते किती दिवस वर्दी देत बसणार?

एका पहाटे, खिडकीत जरासं उजाडलं होतं तेव्हा, अंथरुणात हालचाल झाली. डोळे न उघडता दालिया गळ्याशी सरकली, नाक घासलं आणि एक लांब श्वास घेतला. एदिल्मा थिजून पडली होती. तिला पोरीला दूर ढकलायचं होतं. त्याहून जास्त तिला छातीशी धरायचं होतं. दोन्ही हातांपैकी एकही हलला नाही.

"आई," दालिया झोपेतच म्हणाली, सुखाने.

एदिल्मा ओ द्यायला गेली. पण ओ तिच्या तोंडून आधीच दिली गेली होती.